‘इंग्रजांनी रेल्वे तरी दिली ना?’ खर्डीच्या रुळांवरून समजून घेऊ साम्राज्याशी भांडणारा मराठी उपरोध

पावसाळा लागला की कसारा घाटातून जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागतात. धुकं, धबधबे, बोगद्यातून बाहेर येणारं इंजिन. खाली कमेंटमधलं भांडणही ठरलेलं असतं. कुणीतरी लिहितं, ‘इंग्रज होते म्हणून हे झालं, आपल्याला कुठलं जमलं असतं!’ लगेच दुसरं कुणीतरी, ‘खरंय, सहलीला आले होते, जाताना रेल्वे विसरून गेले.’ दुसऱ्या कमेंटला हसरे चेहरे जास्त मिळतात. पहिला मात्र आपल्या मतावर ठाम राहतो, कारण त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालेलंच नसतं.

हे भांडण नवं नाही. मराठी माणसं ते किमान 1841 पासून भांडतायत, तेही आजच्यापेक्षा कितीतरी जास्त जोखीम घेऊन. तेव्हा एका तिरकस वाक्यासाठी छापखाना जप्त व्हायचा आणि संपादक तुरुंगात जायचा. तरीही त्यांनी तिरकस लिहिलं, आणि त्यातल्या चांगल्या लेखकांनी त्या तिरकसपणाखाली पक्का हिशोब ठेवला. टोमणा आणि हिशोब एकत्र कसे चालतात, हे समजून घ्यायला ठाणे जिल्ह्यातलं खर्डी ही सोयीची जागा आहे.

खर्डीच का?

खर्डी हे शहापूर तालुक्यातलं, मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवरचं, कसाऱ्याच्या थोडं अलीकडचं स्टेशन. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी 1853 मध्ये धावली. रूळ पुढे सरकत 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचले आणि 1865 मध्ये थळ घाट ओलांडून वर इगतपुरीला गेले. म्हणजे खर्डीच्या परिसरात रेल्वे आली ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या काळात.

याच तालुक्यात तानसा धरण आहे. ते 1892 मध्ये पूर्ण झालं, मुंबईला पाणी देण्यासाठी. आणि याच पट्ट्यातली जंगलं इंग्रजांच्या वनखात्याने राखीव करून घेतली. रेल्वे, धरण, वनखातं. ‘इंग्रजांनी काय दिलं’ या यादीत नेहमी येणाऱ्या तीन गोष्टी इथे शेजारी-शेजारी सापडतात. इथल्या माणसांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हेही इथेच तपासता येतं.

उपरोध म्हणजे नुसता टोमणा नव्हे

आपण टोमणा, टिंगल, उपरोध हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण वाद घालताना जो उपरोध कामाला येतो, त्याची एक ठरावीक चाल असते. समोरच्याचा दावा नाकारायचा नाही. उलट तो मान्य करायचा, जरा जास्तच मनापासून मान्य करायचा, आणि मग त्याच्याच नियमाने पुढे चालत जायचं. चार पावलांवर तो दावा स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात याला व्याजस्तुती असं नाव आहे, म्हणजे स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा. इथे ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बहाणा. (बँकेचं व्याजही पुढे येणार आहे, जरा थांबा.)

जगात याचं सर्वात गाजलेलं उदाहरण आयर्लंडचं. 1729 मध्ये जोनाथन स्विफ्टने एक गंभीर चेहऱ्याचा ‘प्रस्ताव’ लिहिला: आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, म्हणजे गरिबी मिटेल. त्याने त्यात वजनं, किमती, खर्च सगळं मांडलं. माणसांकडे फक्त आकडे म्हणून बघणाऱ्यांची भाषा त्याने तंतोतंत वापरली आणि ती भाषा कुठे नेते ते दाखवलं. म्हणजे तिथेही उपरोधाच्या पोटात हिशोबच होता.

1841: पंचविशीतल्या तरुणाची पत्रं

मुंबईत 1841 मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी वृत्तपत्रात आठ पत्रं छापून आली. खाली सही होती ‘एक हिंदू’ एवढीच. लिहिणारे होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे भाऊ. वय पंचविशीच्या आसपास. रेल्वे यायला अजून बारा वर्षं होती, 1857 चा उठाव सोळा वर्षं लांब होता आणि काँग्रेसच्या स्थापनेला चार दशकं बाकी होती.

तर्खडकरांनी विचारलेला प्रश्न सरळ होता: हे राज्य आमच्या कल्याणासाठी आहे असं तुम्ही म्हणता, तर मग देशातला पैसा बाहेर का जातो आणि देश गरीब का होतो? कंपनी सरकारच्या उपकाराच्या भाषेला त्यांनी उपहासाने झोडपलं. पण पत्रांचा कणा होता तो संपत्तीच्या निचऱ्याचा मुद्दा. पुढे दादाभाई नौरोजींनी याच मुद्द्याला आकडेवारीचं रूप दिलं.

दादाभाईंच्या 1901 च्या पुस्तकाचं नावच बघा: ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’. भारतातली गरिबी आणि ‘ब्रिटिशांना न शोभणारं’ राज्य. ब्रिटिशांची स्वतःबद्दलची समजूत त्यांनी खरी धरली: तुम्ही न्यायी आहात, कायद्याने चालणारे आहात. मग इथे जे चाललंय ते ब्रिटिश असूच शकत नाही! हे वाक्य ऐकून रागवायची सोयच राहत नाही. दादाभाई 1892 मध्ये, म्हणजे तानसा धरण पूर्ण झालं त्याच वर्षी, लंडनमधल्या फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेत निवडून गेले.

आता रेल्वेचा हिशोब

‘इंग्रजांनी रेल्वे दिली’ या वाक्यात कळीचा शब्द ‘दिली’ हा आहे. तेवढाच तपासू.

खर्डीवरून गेलेला मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीने बांधला. कंपनी लंडनची, भांडवल बहुतेक ब्रिटिश. 1849 च्या करारानुसार या भांडवलावर वर्षाला 5 टक्के परतावा मिळेल अशी हमी होती. कंपनीचा नफा कमी पडला तर उरलेली रक्कम सरकार भरणार. आणि सरकार ती कुठून आणणार? भारतातल्या महसुलातून. जमीनही कंपनीला सरकारनेच दिली.

समजा एखाद्या भागधारकाने 100 रुपये गुंतवले आणि वर्षाअखेरीस नफा झाला 2 रुपये. त्याला मिळणार 5. वरचे 3 रुपये इथल्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून. ज्याने आयुष्यात गाडी पाहिली नाही, तोही हे 3 रुपये भरतोय. शिवाय बांधकामावर जास्त खर्च झाला तरी भागधारकाचं व्याज पक्कंच, त्यामुळे काटकसर करायची कंपनीला गरज नव्हती. (हेच ते बँकेचं व्याज. व्याजस्तुतीला इतकं चपखल बसणारं व्याज शोधून सापडणार नाही.)

रूळ आणि इंजिनं मुख्यतः ब्रिटनमधून यायची, म्हणजे बांधकामाचा मोठा खर्चही तिकडेच परत जायचा. आणि मार्ग कुठे न्यायचा हे कशावरून ठरलं? गव्हर्नर जनरल डलहौसीने 1853 च्या आपल्या टिपणात कारणं लपवलेली नाहीत: सैन्य लवकर हलवता येईल, कापूस बंदरापर्यंत येईल, ब्रिटिश माल देशाच्या आत पोहोचेल. थळ घाट चढून हा मार्ग खानदेश आणि वऱ्हाडाकडे, म्हणजे कापसाच्या मुलखाकडे गेला. घाट खुला झाला 1865 मध्ये. त्याआधीची चार वर्षं अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि मँचेस्टरच्या गिरण्या कापसासाठी कासावीस झाल्या होत्या. खर्डी या वाटेत लागलं, इतकंच.

याला उलटं उत्तर येतं, आणि ते प्रामाणिकपणे ऐकायला हवं. हेतू काहीही असो, रेल्वे उपयोगी पडलीच की. वारकरी बसले, मजूर बसले, दुष्काळात धान्य आलं. खरं आहे. मात्र रुळाला दोन दिशा असतात. 1876 ते 1878 च्या दुष्काळात धान्य आलंही आणि जिथे भाव जास्त तिथे बाहेरही गेलं.

‘आपल्याला जमलं असतं का?’ या प्रश्नाला सर्वात चांगलं उत्तर जपानकडे आहे. जपानची पहिली रेल्वे 1872 मध्ये टोकियोतल्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंत धावली. कर्ज लंडनमध्ये उभारलं होतं, इंजिनिअर ब्रिटिश होते, यंत्रसामग्रीही ब्रिटिश. पण रेल्वे जपान सरकारच्या मालकीची होती आणि ती कुठे न्यायची हे जपान ठरवत होतं. म्हणजे तंत्रज्ञान विकत घ्यायला देश गहाण टाकावा लागत नव्हता. कमेंटमधल्या पहिल्या माणसाला हे सांगितलं, तर त्याला निदान थोडं थांबून विचार करावा लागेल. ‘सहलीला आले होते’ या विनोदाने तो थांबत नाही.

राब: जंगलाचा वाद

रेल्वेचा हिशोब पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांनी मांडला. शहापूर, मुरबाड या भागातल्या शेतकऱ्याला साम्राज्य भेटलं ते प्रामुख्याने जंगल खात्याच्या रूपात.

कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशी भाताचं किंवा नागलीचं रोप टाकण्याआधी जमिनीवर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण पसरून भाजतात. यालाच राब म्हणतात. पहिल्या पावसानंतर त्या राखेच्या वाफ्यात रोप तरारून येतं. राबासाठी फांद्या तोडाव्या लागतात. 1878 च्या वनकायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली आणि जे पिढ्यान् पिढ्या चाललं होतं ते गुन्हा ठरू लागलं. सरकारचा युक्तिवाद असा, की राबामुळे जंगल नष्ट होतं.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की 1885 मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. या वादातला विरोधाभास कुणाच्याही डोळ्यात भरेल असा होता. शेतकरी राब भाजत होता तोवर जंगल उभं होतं. देशभर रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी लाकूड लागायला लागलं तेव्हा जंगल वाचवण्याची काळजी सरकारला सुरू झाली, आणि ती काळजी कुऱ्हाडवाल्या ठेकेदाराऐवजी फांदी तोडणाऱ्या कुळावर येऊन पडली. यात शब्दांचा खेळ कुणाला करावाच लागत नाही. घटना नुसत्या ओळीने ठेवल्या तरी पुरे.

1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जोतीराव फुल्यांनीही वनखात्याने गुरांची चराऊ रानं गिळल्याची तक्रार मांडली आहे. फुल्यांकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ, कारण त्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे.

सरळ का लिहिलं नाही?

कारण कायदा. राजद्रोहाचं 124अ हे कलम 1870 मध्ये दंडसंहितेत आलं. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारबद्दल ‘अप्रीती’ म्हणजे काय याचा अर्थ लावला: प्रीतीचा अभाव. थोडक्यात, सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्ह्याचा पाया. विनोदी लेखकालाही इतकं सुचलं नसतं. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली 18 महिन्यांची.

त्याच वर्षी जुलैमध्ये ‘केसरी’त आलेला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा आजही लोकांना पाठ आहे. मात्र टिळकांची मूळ प्रकृती वकिलाची. ते बहुधा समोरून वार करत. आडून वार करणारे होते शिवराम महादेव परांजपे.

परांजप्यांनी 1898 मध्ये पुण्यात ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केलं. त्याच सुमारास, 1899 मध्ये, किपलिंगने ‘गोऱ्या माणसाचं ओझं’ ही कल्पना कवितेतून जगभर पोहोचवली होती आणि 1901 मध्ये अमेरिकेत मार्क ट्वेनने त्या ‘सुधारणा पोहोचवण्याच्या’ धंद्याची उपरोधाने चिरफाड केली. म्हणजे परांजपे त्या काळाच्या जागतिक वादातच होते, फक्त त्यांचा धोका ट्वेनपेक्षा मोठा होता. पुराणातली गोष्ट, इतिहासातला प्रसंग, एखादा सण, एखादी क्षुल्लक वस्तू, कशावरही ते लिहीत. लेखात इंग्रज सरकारचं नाव नसे, किंवा असलं तर स्तुतीत असे. वाचकाला मात्र कळायचं ते कळे.

यातली कायदेशीर गंमत लक्षात घ्या. अशा लेखावर खटला भरायचा तर सरकारी वकिलाला उभं राहून म्हणावं लागतं, ‘या लेखातला दुष्ट राजा म्हणजे आमचंच सरकार.’ कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचं नेमकं हेच झालं. 1907 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. 1910 मध्ये बंदी आली, म्हणजे कीचकाशी असलेलं साम्य सरकारनेच अधिकृतपणे मान्य केल्यासारखं झालं.

तरी ही ढाल कायमची नव्हती. 1908 मध्ये परांजप्यांना राजद्रोहाची शिक्षा झालीच. 1910 च्या वृत्तपत्र कायद्याने भारी जामीन मागितला आणि ‘काळ’ बंद पडला. निवडक निबंधांची पुस्तकंही सरकारने जप्त केली. उपरोधाने लेखकाला दहा वर्षं मिळवून दिली, त्याहून जास्त नाही.

1908 चा टिळकांचा दुसरा खटला याच संदर्भात वाचावा. स्वतःची बाजू मांडताना टिळक वीस तासांहून अधिक बोलले आणि त्यातला बराच वेळ भाषांतरावर गेला. मूळ मराठी शब्दाचा रोख एक, सरकारी इंग्रजी तर्जुम्यातला दुसरा. ज्युरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. त्यांनी सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. तिरकस वाक्य वाचकाच्या कानावर अवलंबून असतं. तो कान नसलेल्या माणसाच्या हाती ते वाक्य गेलं की उरतो फक्त पुरावा. आज कुणाच्या उपरोधिक पोस्टचा स्क्रीनशॉट भलत्याच ग्रुपवर पोहोचतो तेव्हा हेच होतं.

124अ कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये थांबवला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. पण देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारं कृत्य हा कलम 152 खाली गुन्हा आहे, आणि त्यात बोललेले, लिहिलेले शब्द आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूरही येतो. हा प्रश्न जुना झालेला नाही.

फुल्यांचा अवघड प्रश्न

आतापर्यंतची गोष्ट सोपी आहे: एका बाजूला साम्राज्य, दुसऱ्या बाजूला हुशार देशी लेखक. जोतीराव फुले ती सोपी राहू देत नाहीत.

1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. अर्पणपत्रिकेतच युक्तिवाद आहे. गुलामी म्हटलं की तुम्हाला समुद्रापलीकडचं काही आठवतं, पण ती तुमच्या गावात, तुमच्या अंगणात आहे. इंग्रज राज्याला ‘पारतंत्र्य’ म्हणणाऱ्या पुणेकरांना हा प्रश्न टोचणारच होता: ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नाहीत, त्याचं स्वातंत्र्य नेमकं कधी गेलं?

याचा अर्थ फुले इंग्रजांचे भाट होते, असं काढणारे आजही भेटतात. त्यांच्यासाठी 1888 चा प्रसंग. पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. दागिन्यांनी मढलेले पाहुणे जमले होते. तिथे फुले शेतकऱ्याच्या जाड्याभरड्या वेषात गेले आणि राजपुत्राला सांगितलं की या झगमगाटावरून देशाची स्थिती ओळखू नका, खरी प्रजा खेड्यात आहे. त्यांचे शब्द अगदी सरळ होते, उपरोध सगळा कपड्यात होता. आणि तो एकाच वेळी राजपुत्रावर आणि शेजारच्या हिऱ्यामोत्यांवर चालला. माझ्या मते साम्राज्याबद्दलच्या मराठी वादात याहून नेमका उपरोध दुसरा नाही.

आजच्या पोस्ट कुठे फसतात?

मेकॉलेच्या नावाने फिरणारं एक वचन तुम्ही नक्की पाहिलं असेल. ‘मी भारतभर फिरलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची संस्कृती मोडली पाहिजे’ अशा आशयाचं. तारीख असते 2 फेब्रुवारी 1835 आणि जागा ब्रिटिश संसद. ते बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच, कलकत्त्यात होता. त्याच तारखेला त्याने शिक्षणावरचं आपलं खरं टिपण लिहिलं. त्यात युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातली एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची आहे, असा दावा आहे, आणि तो करणारा माणूस स्वतः संस्कृत किंवा अरबी येत नसल्याचंही तिथेच कबूल करतो. खरा कागद इतका बोलका असताना खोटा फिरवायची गरज काय? शिवाय खोटं उघडं पडलं की समोरचा तुमचा खरा मुद्दाही फेकून देतो.

45 लाख कोटी डॉलरचा आकडाही असाच फिरतो: ‘इंग्रजांनी एवढं लुटलं.’ हा आकडा अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांच्या अभ्यासातला आहे, हवेतला नाही. पण त्यात 1765 ते 1938 या काळातल्या निचऱ्यावर वर्षाला 5 टक्के दराने चक्रवाढ व्याज धरलं आहे. दर बदलला की आकडा प्रचंड बदलतो, आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी या पद्धतीवर आक्षेपही घेतले आहेत. पोस्टमध्ये हे एक वाक्य जोडलं तर आकडा कमकुवत होत नाही. उलट समोरच्याच्या हातातला पहिला दगड निघून जातो.

शशी थरूर यांचं 2015 मधलं ऑक्सफर्ड युनियनमधलं भाषण इतकं का चाललं, याचंही उत्तर इथेच आहे. हशा त्यांनी भरपूर मिळवला, पण प्रत्येक हशामागे एक तपासता येण्याजोगं विधान होतं. क्लिपमध्ये मात्र बहुतेकदा हशाच उरतो.

शहापूर ही मुंबईची वसाहत आहे का?

शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात एक वाक्य नव्याने ऐकू येतं: ‘धरणं आमच्या उशाला आणि कोरड आमच्या घशाला.’ तानसा या तालुक्यात, भातसा या तालुक्यात, मोडक सागर इथेच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी मोठा वाटा याच पट्ट्यातला. आणि फेब्रुवारी-मार्चपासून इथल्या पाड्यांवर टँकर. अशा वेळी सोशल मीडियावर ‘इंग्रज गेले, मुंबई आली’ अशा पोस्ट येतात. उपरोध म्हणून हे जोरदार आहे. पण वर रेल्वेला लावली तीच कसोटी याला लावू.

साम्य खरं आहे. साधन इथलं, वापर तिकडे, निर्णय तिकडे. तानसा परक्या सरकारने बांधलं म्हणून सोडून देऊ. मोडक सागर 1957 चा आहे, स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी. त्याला प्रख्यात भारतीय अभियंते न. वि. मोडक यांचं नाव आहे. भातसा त्याच्याही नंतरचं. मध्य वैतरणा तर 2014 चं. सरकार बदललं, पाण्याची दिशा तीच राहिली.

फरकही खरा आहे. तानसाचं पाणी मुंबईकडे उताराने वाहत जातं. तालुक्यातले कित्येक पाडे मात्र धरणाच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत, त्यांना पाणी द्यायचं तर पंप हवेत, वीज हवी, वीजबिल भरणारी ग्रामपंचायत हवी. खालचा खडक काळा कातळ, त्यामुळे पाऊस धो-धो पडूनही विहिरीत टिकत नाही. म्हणजे टंचाईचं एक कारण भूगोल आहे, आणि भूगोलावर पैसे खर्च न करणं हे दुसरं. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणण्याची योजना यासाठीच आखली गेली, कारण भावली वरच्या अंगाला आहे.

सगळ्यात मोठा फरक उत्तरदायित्वाचा. 1885 च्या कुळाला मुंबईच्या गव्हर्नरला मत देता येत नव्हतं, काढूनही टाकता येत नव्हतं. आज शहापूरला स्वतःचा आमदार आहे, जिल्हा परिषद आहे, आणि भातसा धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचं आहे. ‘वसाहत’ हा शब्द वापरला की दोष ‘मुंबई’ नावाच्या एका ढगावर जातो. कोणत्या खात्याने कोणत्या योजनेचे पैसे कधी द्यायचे होते आणि ते का दिले नाहीत, हा तर्खडकरांच्या जातीचा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. मला विचाराल तर शहापूरकरांनी हा टोमणा जरूर मारावा, पण त्याखाली योजनेचं नाव, मंजुरीचं वर्ष आणि आजवर टाकलेल्या जलवाहिनीची लांबी लिहावी.

कारण मुंबईत बसून ती पोस्ट वाचणाऱ्या माणसाच्या नळाला पाणी तानसाचं असू शकतं. खर्डीहून सकाळच्या लोकलने मुंबईला कामाला जाणारा माणूस दुपारी तेच पाणी तिथल्या ऑफिसात पितो, आणि संध्याकाळी त्याच रुळांवरून परत येतो तेव्हा पाड्यावर टँकरची वाट बघणारे हंडे रांगेत लागलेले असतात.